दशमांशावर पहिला हक्क आपल्याच मंडळीचा का?

जुना सभासद (नगर)

आमच्या मंडळीच्या, म्हणजे गावच्या चर्चच्या, पास्टोरेट (कारभारी) कमिटीच्या बैठकीत निघालेला एक प्रश्न तिथे मिटला नाही, म्हणून तो इथे मांडतो. मंडळीतली बरीच नोकरदार कुटुंबे नेमाने दशमांश, म्हणजे मिळकतीचा दहावा हिस्सा, देवासाठी काढतात, पण तो रविवारच्या अर्पणाच्या थैलीत पडत नाही. कोणाचा दशमांश पुण्यातल्या एखाद्या स्वतंत्र फेलोशिपला (प्रार्थनागटाला) जातो, तर कोणाचा मोबाइलवर उपदेश करता करता पडद्याच्या कोपऱ्यात क्यूआर कोड दाखवणाऱ्या सेवकांना. थैलीत येतात दहा-वीस रुपयांच्या नोटा, आणि पाळकसाहेबांचा (धर्मगुरूंचा) पगार, धर्मप्रांताला द्यायचा वाटा, वीजबिल, कबरस्थानाची पडकी भिंत हे सारे त्यांतून भागवायचे असते.

ज्या मेजावर आपण प्रभुभोजन घेतो आणि ज्या मंडळीच्या नोंदवहीत आपल्या लेकरांचे बाप्तिस्मे लिहिलेले आहेत, तिचा हक्क पहिला, असे माझे स्पष्ट मत आहे. बाकीच्यांना द्यावे, पण त्यानंतर. सगळा दशमांश भांडारात आणा, म्हणजे देव आकाशाची दारे उघडील, असे बायबलमधले मलाखी 3:10 सांगते, आणि आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने मिळकतीप्रमाणे काही बाजूला काढून ठेवावे, असे प्रेषित पौल करिंथकरांना लिहितो.

आपल्या भागात या प्रश्नाला इतिहासही आहे. अमेरिकन मराठी मिशनने 1831 साली नगरला ठाणे उघडले, तेव्हापासून शाळा, इमारती आणि पगार बहुतांशी अमेरिकेतून येणाऱ्या पैशावर चालले. त्या मिशनच्या पाठीशी असलेल्या संस्थेचे चिटणीस रुफस अँडरसन 1854-55 साली हिंदुस्थानात आले, तेव्हाही स्थानिक मंडळीने आपला पाळक आपण पोसावा, हाच त्यांचा आग्रह होता. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी तर 1917 साली मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा बंधुसंघ सुरू केला. पुढे मिशनचा हात आखडला, आपली पसरलेली ओंजळ मात्र तशीच राहिली.

मंडळीबाहेरची (पुणे)

दादा, आपली तळमळ मान्य आहे, पण आपण दिलेली दोन्ही वचने आपल्याच विरुद्ध साक्ष देतात. करिंथकरांनी बाजूला काढायचा पैसा करिंथ येथील मंडळीच्या खर्चासाठी नव्हताच. तो यरुशलेमेतल्या गरजू विश्वासणाऱ्यांसाठी होता, म्हणजे ज्यांचे तोंडही त्यांनी पाहिले नव्हते अशा लोकांसाठी. त्याच करिंथात राहताना पौल तंबू शिवून पोट भरत होता. दशमांशाविषयी म्हणाल, तर बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 14:28-29 प्रमाणे तिसऱ्या वर्षीचा दशमांश लेव्यांबरोबर (उपासनेची सेवा करणाऱ्या वंशाबरोबर) परके, अनाथ आणि विधवा यांनाही मिळायचा. आपल्या व्यासपीठांवरून लेव्यांचा वाटा दरवर्षी ऐकू येतो, विधवांचा क्वचितच.

आता हिशेबाबद्दल. मी जिच्यात वाढले त्या मंडळीत मी ताळेबंद पाहायला मागितला, तेव्हा मला मिळालेले उत्तर असे होते की, देवाला दिलेल्या पैशाचा हिशेब मागणे हे विश्वास कमी असल्याचे लक्षण आहे. वास्तविक, 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंदलेल्या प्रत्येक ट्रस्टला लेखापरीक्षण करून घ्यावेच लागते. धर्मादाय आयुक्तांना जे कागद दाखवता, ते अर्पण देणाऱ्या बाईला दाखवायला कमिटीला अडचण कसली? त्या दिवसापासून माझा दशमांश दोन विद्यार्थिनींच्या वसतिगृहाच्या फीसाठी जातो, आणि देवाने माझ्या घरातली आकाशाची दारे लावून घेतल्याचे अद्याप तरी जाणवलेले नाही.

जुना सभासद (नगर)

ताई, सुवार्ता सांगणाऱ्यांनी सुवार्तेवर आपली उपजीविका करावी, हेही करिंथकरांना लिहिलेल्या त्याच पत्राच्या नवव्या अध्यायात आहे. पौलाने स्वतःपुरता तो हक्क सोडला, इतरांचा काढून घेतला नाही. आणि मार्कच्या शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायातल्या गरीब विधवेने आपली दोन नाणी मंदिराच्या भांडारात टाकली, ती मंदिराचा कारभार निर्दोष होता म्हणून नव्हे. आपण कारभार सुधारेपर्यंत थांबलो, तर पाळकांच्या घरातली चूल कोणी पेटवायची?

मंडळीबाहेरची (पुणे)

त्या विधवेच्या आधीचे वचन आपण गाळलेत. विधवांची घरे गिळंकृत करणाऱ्या शास्त्र्यांना प्रभूने तिथेच फटकारले आहे, आणि पुढचा अध्याय उघडताच ते मंदिर पडणार असल्याचे तो सांगतो. त्याने तिची निष्ठा वाखाणली, भांडाराला प्रशस्तिपत्र दिले नाही.

वसईकर

आम्हा कॅथलिकांकडे दहाव्या हिश्शाचा दंडक नाही, त्यामुळे हा वाद मी जरा कुतूहलानेच वाचतो आहे. 1983 च्या कॅथलिक धर्मसंहितेतले कलम 222 एवढेच सांगते की, उपासना, प्रेषितकार्य, दानधर्म आणि सेवकांचा चरितार्थ यांसाठी चर्चच्या गरजा भागवणे हे श्रद्धावंतांचे कर्तव्य आहे. त्याच कलमाचा पुढचा भाग सामाजिक न्याय वाढवण्याचे आणि स्वतःच्या मिळकतीतून गरिबांना साहाय्य करण्याचेही बंधन घालतो, म्हणून मंडळी की गरीब अशी निवड तिथे करावी लागत नाही.

मला वेगळाच फरक मोठा वाटतो. आमचे पॅरिश, म्हणजे आपापले चर्च, साधारणपणे राहत्या पत्त्यावरून ठरते. फादरांचे प्रवचन कंटाळवाणे असले, गायनमंडळ बेसूर असले, तरी ते चर्च आमचेच असते. आधी उपदेशक पसंत करायचा आणि मग त्याच्या मागे पैसा न्यायचा, ही रीत आली की निष्ठा माणसाच्या गळ्याशी बांधली जाते आणि त्याचा आवाज बसला की सुटते. (आमच्याकडे सणांच्या मंडपांवर जो खर्च होतो, त्याबद्दल मात्र आम्ही कोणाला शिकवू नये.)

सुगी (शेवगाव तालुका)

शहरातल्या दशमांशाबद्दल मला बोलायचे नाही, कारण आमच्याकडे पगारी माणसेच थोडी. आमचे देणे दिसते ते उपकारस्तुतीच्या, म्हणजे पिकाबद्दल देवाचे आभार मानण्याच्या, सणाला. बाजरीच्या पायल्या, वाळकं, कोंबड्या, फडक्यात बांधलेली अंडी, असे सगळे वेदीपुढे येते आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. मागच्या सणाला एका भोपळ्याची बोली चढत गेली, घेणाऱ्याने तो तिथेच मंडळीला परत दिला, तो पुन्हा लिलावाला निघाला, आणि अशा तीन फेऱ्यांनी त्या भोपळ्याने अर्ध्या वर्षाचे वीजबिल भरले. हसून हसून लोकांची पुरेवाट झाली. पण ती सहा अंडी आणणारी आजी मागच्या सतरंजीवर बसून होती आणि बोली लावणाऱ्यांत सगळे पुण्याहून आलेले पाहुणे होते, हेही मी पाहिले. पुढे छापील अहवालात पाहुण्यांची नावे रकमेसकट येतात, अंडी ‘इतर वस्तुरूप अर्पणे’ या एका ओळीत जातात. डाव्या हाताला कळू देऊ नका, असे सांगणाऱ्या प्रभूच्या मंडळीत ही यादी कशासाठी छापतात, याचे उत्तर जुन्या सभासदांनी द्यावे.

गरिबी ही सबब नव्हे, एवढे मात्र मी मानते. मिझोराममधल्या प्रेस्बिटेरियन स्त्रिया 1910 पासून प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी एक मूठ तांदूळ मंडळीसाठी बाजूला काढत आल्या आहेत, आणि त्या मुठींवर तिथे मोठमोठी कामे उभी राहिली.

मंडळीबाहेरची (पुणे)

सुगीताई, मिझोरामचे उदाहरण सुंदर असले तरी ते इथे तसेच्या तसे लागू होत नाही. 2011 च्या जनगणनेत तिथले 87 टक्के लोक ख्रिस्ती होते, महाराष्ट्रात एक टक्काही नव्हते. तिथे मंडळी म्हणजे अख्खे गाव. इथे पन्नास घरांची मंडळी इमारत, पाळक आणि धर्मप्रांत असा तिहेरी भार उचलते. यादीबद्दलचे आपले म्हणणे मात्र मला शब्दशः मान्य आहे.

दोन गावांचा (कोथरूड)

माझ्यासारख्यांची अडचण कोणी मांडलेली नाही. मी गेली कित्येक वर्षे दर रविवारी पुण्यातल्या मंडळीत बसतो, माझी मुले तिथल्या संडे स्कूलमध्ये शिकली, आणि तरीही सभासद वर्गणी गावी भरतो. कारण विचाराल तर उघड आहे: आईवडील तिथल्या कबरस्थानात आहेत, आणि एका नातेवाइकाच्या मातीच्या वेळी थकलेल्या वर्गणीचा विषय प्रेत दारात असताना निघाल्याचे मी ऐकले आहे. ज्या देण्यामागे ही धास्ती आहे त्याला संतोषाने दिलेले दान म्हणता येत नाही. माझे मत असे की, दशमांश जिथे आपण आज उपासना करतो तिथे द्यावा, आणि गावच्या मंडळीने बाहेर गेलेल्यांकडून वर्गणी घ्यावी, पण दफनाशी तिचा संबंध लेखी ठराव करून तोडावा.

जुना सभासद (नगर)

यादीचे उत्तर देतो. ती छापतात, कारण पूर्वी पावती न फाडता पैसे घेतल्याच्या तक्रारी होत्या, आणि छापील नाव हीच देणाऱ्याची पावती ठरली. आता पावतीपुस्तक आहे, त्यामुळे नावांशिवाय नुसता जमाखर्च छापावा आणि तो सूचनाफलकावर लावावा, असे मी पुढच्या बैठकीत सुचवणार आहे. दफनाचा ठराव कठीण जाईल. वर्गणी वसूल करण्याचे तेवढेच एक हत्यार हाती आहे, असे उघड म्हणणारे कमिटीत दोघे-तिघे आहेत.

पहिल्या हक्काबद्दलचे माझे मत मात्र बदललेले नाही. ताईंनी विद्यार्थिनींची फी भरावी, जरूर भरावी. पण त्यांची प्रार्थनेची चिठ्ठी आजही आमच्याच पाळकांकडे येते, हे मला ठाऊक आहे.

मंडळीबाहेरची (पुणे)

येते, आणि येत राहील. जमाखर्च फलकावर लागला की कळवा, मग दशमांशाचे बोलू.