निक ड्रेकच्या टेपा: ऐकायच्या की राहू द्यायच्या?

कुळागर:
२०२५ च्या जुलैत निक ड्रेकच्या पहिल्या अल्बमच्या ('फाइव्ह लीव्ज लेफ्ट', १९६९) तयारीची कधी न ऐकलेली रेकॉर्डिंग्ज बाहेर आली, मी आत्ता कुठे पूर्ण ऐकली, पणजीत रात्रभर पाऊस आणि मी हेडफोन लावून. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: इंग्लिश पोरगा, गिटार, फोक-रॉक, तीन अल्बम, जिवंतपणी एकही धड खपला नाही, १९७४ मध्ये २६ व्या वर्षी गेला. एक टेप १९६८ च्या पहिल्या स्टुडिओ सेशनची, गायिका बेव्हर्ली मार्टिनने इतकी वर्षं जपलेली. दुसरी केंब्रिजला कॉलेजच्या खोलीत घेतलेली, त्यात तो मध्येच बोलतो, इथे कुठली वाद्यं यावीत ते सांगतो. अंगावर काटा आला आणि लगेच लाजही वाटली, कुणाच्या तरी दाराला कान लावल्यासारखं. माझं मत, हे काढायला नको होतं. प्रोड्युसरने आणलेला अरेंजर (गाण्यामागची वाद्यं बसवणारा) रिचर्ड ह्युसन निकला पटला नाही, त्याने कॉलेजचा मित्र रॉबर्ट कर्बी आणला. एवढा चोखंदळ माणूस, त्याने जे बाजूला ठेवलं ते आपण वर काढायचं?

रापणकार:
अरे पण त्याने अरेंजमेंट नाकारली, टेप कुठे नाकारली? त्याला विचारलंच नव्हतं कुणी. आणि निकच्या बहिणीच्या संमतीने आलंय सगळं, चोरीचा माल नाही.

कुळागर:
बहीण म्हणजे तो नव्हे.

केरीची माहेरवाशीण:
आमच्या शास्त्रीय गायिका केसरबाई केरकर घ्या. उतारवयात रेकॉर्डिंग म्हटलं की नकोच. आज सगळ्यांना माहीत असलेलं त्यांचं गाणं कुठलं, तर 'जात कहां हो', १९७७ मध्ये नासाच्या व्हॉयेजर यानावर तबकडीतून चढलेलं. साडेतीन मिनिटं! मैफलीत एकेक राग तासतासभर मांडणारी बाई आणि अंतराळात गेली ती साडेतीन मिनिटं. त्यांच्या 'नको'चा मान राखायचा हे बरोबरच, पण कुणी गुपचूप एखादी पूर्ण मैफल टेप केली असेल ना, तर मी पहिली रांगेत, खोटं कशाला बोलू.

कुळागर:
बाय, म्हणजे मान राखायचा पण ऐकायचं पण?

केरीची माहेरवाशीण:
होय. पाप माझ्या माथी.

रापणकार:
हे बघ, तात्त्विक बोलणं सोपं असतं. माझा मामा फोंड्याला पेटी वाजवायचा, नाटकाच्या तालमींना, भजनाला. तो गेल्यावर माळ्यावर बिस्किटाच्या डब्यात एक कॅसेट सापडली, टेपवर पांढरी बुरशी, आपल्या हवेत काय टिकतंय. कापसाने पुसली, रीळ हाताने फिरवलं, अर्धी तरी वाजली. मामा नाट्यगीत म्हणतो, मध्येच थांबतो, "रे चुकलं, परत घेतो", मागून मामी, "भात निवतोय." ते "चुकलं" मला पूर्ण गाण्यापेक्षा जास्त आवडतं. निक ड्रेकचं पण तेच, गाणी तर होतीच आपल्याकडे, माणूस आत्ता मिळाला. तू ते पुसून टाकलं असतंस?

कुळागर:
पुसलं नसतं. पण ठीक आहे, माझी हार. टाक मग इथे मामांचं, आम्ही पण ऐकतो.

रापणकार:
इथे नाही टाकणार.

कुळागर:
का बाबा?

रापणकार:
मामी आहे अजून. तिला माहीतच नाही की तिचा आवाज आहे त्यात.