टर्मिनेटर: थोरला खरा की धाकटा?

टिळकवाडीचा जुना
परवा एका लग्नात जेवता जेवता वाद निघाला आणि तिघांनी मिळून मला वेड्यात काढलं, म्हणून इथं धागा काढतोय. माझं म्हणणं एवढंच: 'टर्मिनेटर'चा दुसरा भाग (१९९१) पहिल्यापेक्षा (१९८४) मोठा आहे, चांगला नाही.

पहिला ६४ लाख डॉलरच्या आसपास उरकला, दुसऱ्याला १० कोटींच्या घरात लागले. पैसा पडद्यावर दिसतो, नाकारत नाही. पण पहिल्यातली भीती विकत कुठून आणणार? टेलिफोन डिरेक्टरी आठवा. भविष्यातून आलेल्या यंत्राला सारा कॉनर नावाची बाई मारायची आहे. नेमकी कुठली ते ठाऊक नाही, म्हणून डिरेक्टरीत त्या नावाच्या जेवढ्या आहेत तेवढ्या एकेक करून मारायच्या. राग नाही, घाई नाही. कचेरीतला कारकून फायली हातावेगळ्या करतो तसं.

दुसऱ्यात त्याच यंत्राला साराचं दहा वर्षांचं पोरगं, जॉन, सांगतं, कुणाला जिवे मारायचं नाही, आणि ते ऐकतं! मग गुडघ्यांवर गोळ्या घालणं, विनोद शिकणं. वाघाची नखं काढून अंगणात बांधलाय आणि आपण टाळ्या पिटतोय.

अनगोळचा धाकला
काका, पहिल्याच्या शेवटी तो सांगाडा चालतो तेव्हा बोळातली चावीची खेळणी आठवतात. झटके मारत येतंय.

टिळकवाडीचा जुना
बाहुली एकेक फ्रेम हलवून चित्रण केलंय ते. झटके आहेत म्हणूनच ते माणसाचं वाटत नाही, आणि माणसाचं वाटू नये हेच तर पाहिजे होतं.

शहापूरची लेक
"वाघाची नखं काढली" हे वाक्य छान आहे, पण तुम्ही सिनेमा यंत्राचा समजून बघताय. तो साराचा आहे.

पहिल्यात ती हॉटेलात ताटं उचलणारी मुलगी. स्वतःच म्हणते की मला माझ्या बँकेच्या खात्याचा हिशेब जमत नाही, मी कसली जगाच्या तारणहाराची आई! दुसऱ्यात तीच वेड्यांच्या इस्पितळात डांबलेली आहे. पलंग उभा करून त्याला लोंबकळून व्यायाम करते, कागदाच्या टाचणीनं कुलूप उघडते. लोकांना हे आठवतं, कारण तिचे दंड दिसतात. मला आठवतो तो पुढचा प्रसंग. ज्या शास्त्रज्ञाच्या कामातून पुढं ते राक्षसी यंत्रतंत्र जन्माला येणार आहे, त्या डायसनच्या घरावर ती रात्री एकटी जाते. न बोलता, थंडपणे नेम धरते. तो जखमी होऊन पडतो, बायको-मुलगा समोर रडतात, आणि हिचं बोट ट्रिगरवर असतानाच हिला कळतं की आपण काय झालोय. पहिल्या भागात डिरेक्टरी घेऊन दारोदार फिरणारा जो होता, तो आता ही आहे. तुमच्या कारकुनाची फाईल आता हिच्या हातात आहे, काका.

पोराला वाचवता वाचवता आई इतकी कडक होते की पोराला जवळ घ्यायचंच विसरते. ते काम शेवटी यंत्राला करावं लागतं. माझ्या शेजारी बसलेली आमची मावशी, जिला इंग्रजीचं एक अक्षर कळत नव्हतं, ती त्या जागी रडली होती. पहिल्याला कोण रडलं सांगा.

निपाणी नाक्यावरून
माझा हिशेब उलटा आहे. मी दुसरा आधी बघितला, केबलवर, हिंदीत. ट्रेलर वगैरे काही बघितलं नव्हतं. त्यामुळं पोलिसाच्या वेशातला तो सडपातळ माणूस पोराला वाचवायला आलाय आणि गॉगलवाला टर्मिनेटर मारायला, असंच धरून बसलो होतो. मॉलच्या मागच्या बोळात गुलाबाच्या खोक्यातून बंदूक निघते आणि गॉगलवाला पोराला म्हणतो खाली वाक, तेव्हा हातातला चहा सांडला. नंतर कळलं की अमेरिकेत ट्रेलरनंच ही गोम फोडून टाकली होती. म्हणजे दिग्दर्शकानं जो धक्का लपवून ठेवला तो तिकडच्यांना नाही, निपाणीत आम्हाला मिळाला!

पहिला नंतर बघितला. बरा आहे.

टिळकवाडीचा जुना
बरा?!

खानापूरचा मास्तर
भावनांचं राहू द्या, गणित बघू. पहिल्याचं वर्तुळ पक्कं आहे. साराला वाचवायला भविष्यातून आलेला सैनिक रीस तिचा एक फोटो जपून ठेवतो, त्यात ती उदास का दिसते हे त्याला कधी कळत नाही. शेवटी पेट्रोल पंपावर एक पोरगा तिचा तोच फोटो काढतो आणि त्या क्षणी ती रीसचाच विचार करत असते. जॉनचा बापही रीसच. कुठंही धागा लोंबत नाही. दुसरा म्हणतो, नशीब असं काही नसतं, पुढचं बदलता येतं. मग माणसांचं आणि यंत्रांचं ते युद्ध झालंच नाही तर रीसला पाठवलं कुणी? आणि त्याला पाठवलं नाही तर हा पोरगा उभा कसा?

शहापूरची लेक
सर, पण दुसऱ्यानं आधी तुमचं वर्तुळ आणखी घट्ट केलंय की! पहिल्या यंत्राचा उरलेला हात आणि चिप यांच्यावरूनच डायसन पुढचं यंत्र बनवतोय. म्हणजे शत्रूनं स्वतःलाच जन्म दिला. तोडायचं ते नंतर तोडलं.

खानापूरचा मास्तर
हे मान्य. तोडल्याबद्दल मात्र गुण कापणार.

उद्यमबाग, दुसरी पाळी
मंडळी, एक गोष्ट कुणीच बोललं नाही. पहिल्याचा शेवट हायड्रॉलिक प्रेसमध्ये, दुसऱ्याचा पोलादाच्या कारखान्यात. दोन्ही आमचेच धंदे. बेळगाव फाउंड्री आणि हायड्रॉलिक्सवर चालतंय, तेव्हा निकाल आम्हीच देणार.

आधी दुसरा. द्रव नायट्रोजनमध्ये गोठण्याचं बरोबर आहे. उणे १९६ अंशाला साधं पोलादपण काचेगत फुटतंय, मग पोलिसाच्या वेशातला तो पाऱ्यासारखा यंत्रमाणूस पाय मोडून पडला तर नवल नाही. पण वितळलेलं पोलाद १५०० अंशांच्या वर असतंय. आम्ही बीड ओततो ते १४०० च्या आसपास, तरी लॅडलजवळ तोंडाला शील्ड, अंगाला एप्रन लागतोय. हे तिघं रसाच्या काठावर उभं राहून निरोप घेतात, भुवयासुद्धा जळत नाहीत. आत पडेल ते बुडतंय असं दाखवलंय. रस पाण्याच्या सातपट जड, माणूस पडला तर वरच राहील. रंग मात्र खरा. रात्री भट्टीजवळ सगळी तोंडं तशीच नारिंगी दिसतात.

आता पहिला. रीस कारखान्यात शिरल्या शिरल्या सगळी मशिनं चालू करतोय, आवाजात त्या यंत्राला माग लागू नये म्हणून. ज्यानं रात्रपाळी केलीय त्यालाच कळेल. सगळं चालू असलं की मागं माणूस येऊन उभा राहिला तरी कळत नाही. खांद्यावर हात पडला की काळीज तोंडात येतंय. माझं मत पहिल्याला. रडायला दुसरा, घाबरायला पहिला, आणि मी घाबरायला पैसे देतो.

अनगोळचा धाकला
मग त्या पाऱ्याच्या माणसाचं काय? संगणकाचं काम सगळं मिळून पाचेक मिनिटांचं. बाकी स्टॅन विन्स्टनच्या लोकांनी केलेल्या बाहुल्या आणि मुखवटे. इस्पितळातला चौकीदार फरशीतून उगवतो तिथं खरे जुळे भाऊ आहेत. शेवटी दोन सारा दिसतात तिथं साराचं काम करणाऱ्या लिंडा हॅमिल्टनची जुळी बहीण. चार ऑस्कर उगाच दिली काय?

टिळकवाडीचा जुना
कारागिरीला हात जोडलेत रे. ताईंच्या डायसनच्या प्रसंगावर मात्र दोन दिवस विचार केला, काल रात्री परत लावून बघितला. तो एक प्रसंग पहिल्यात नाही आणि असता तर बरं झालं असतं. एवढं देतो. बाकी एक इंच देत नाही.

शहापूरची लेक
एक इंच देऊन झाला, अजून दीड तास शिल्लक आहे. उद्यमबागवाल्यांना एक विचारायचं होतं. पहिल्यात सारा एका बोटानं बटण दाबते आणि प्रेस खाली येतो. खरंच येतो?

उद्यमबाग, दुसरी पाळी
आमच्याकडं दोन बटणं, दोन हात, लांब लांब. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय हलत नाही, म्हणजे हात आत राहू नये. एका बटणावर चालणारा प्रेस सेफ्टीवाल्यानं बघितला तर टर्मिनेटर राहू दे, आधी मालकच आत जातोय.