उतीस वृक्ष, हवेतील नत्र आणि आमची बरड जमीन

प्रश्न : शेतकरी, दारव्हा तालुका

माझ्या सहा एकरांपैकी सुमारे दीड एकर जमीन मुरमाड बरड असून तेथे सोयाबीन गुडघ्याएवढेही होत नाही. गेल्या महिन्यात एका रोपविक्रेत्याने तेथे हिमालयातील उतीस, म्हणजेच ऑल्डर, या झाडाची दोनशे रोपे लावण्याचा सल्ला दिला आणि पैसे आगाऊ मागितले. त्याचे म्हणणे असे की हे झाड भूर्जपत्राच्या कुळातील आहे, त्या कुळातील सगळीच झाडे हवेतील नत्र जमिनीत आणतात, आणि काही वर्षांत बरडसुद्धा कसदार होते. डाळवर्गीय नसलेले झाड तुरीप्रमाणे नत्र कसे धरते, आणि आपल्या वैशाखात ते जगेल काय, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर : वनस्पतिशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक, अमरावती

भाऊ, पैसे देऊ नका. मात्र विक्रेत्याचे अर्धे बोलणे खरे आहे, आणि तेवढे समजून घेण्यासारखे आहे.

भूर्जकुळात सहा प्रजाती (जवळच्या जातींचे गट, इंग्रजीत जीनस) येतात आणि त्यांपैकी नत्र धरणारी फक्त ऑल्डर ही एकच आहे. ज्याच्या सालीवर बख्शाली हे गणिताचे प्राचीन हस्तलिखित लिहिले गेले तो भूर्जवृक्ष हे काम करत नाही, आणि हेझलनटचे झुडूपही करत नाही. ऑल्डरच्या मुळांवर पोवळ्याच्या फांद्यांसारख्या गाठींचे झुबके येतात, ते वर्षानुवर्षे वाढत राहतात आणि कधी मुठीएवढे होतात. या गाठींमध्ये सूक्ष्मजीव असल्याचे रशियन शास्त्रज्ञ वोरोनिन यांनी १८६६ मध्ये मांडले आणि १८८६ मध्ये त्या जीवाला फ्रँकिया हे नाव मिळाले. परंतु मुळाबाहेर, प्रयोगशाळेत त्याची वाढ करणे थेट १९७८ मध्ये साधले, आणि तेही ऑल्डरच्या नव्हे, तर त्याच्या दूरच्या नात्यातील एका झुडपाच्या गाठीतून.

तुरीच्या गाठीत रायझोबियम हा जिवाणू असतो, ऑल्डरच्या गाठीत तंतूसारखा वाढणारा फ्रँकिया. दोघांपुढची अडचण मात्र एकच आहे, कारण नत्र बांधणारे विकर (एन्झाइम) प्राणवायूच्या संपर्कात आले की निकामी होते. तुरीच्या गाठीत रक्तातील हिमोग्लोबिनसारखे तांबडे द्रव्य प्राणवायूला आवर घालते, तर फ्रँकिया स्वतःभोवती स्निग्ध पदार्थांचे थरावर थर चढवून त्या कोषात हे काम उरकतो. हा फरक मला विद्यार्थ्यांना शिकवताना नेहमीच फार सुंदर वाटत आला आहे. तूर आणि ऑल्डर एकमेकांना पूर्ण परके नाहीत, हेही लक्षात घ्यावे. २०१८ मध्ये अनेक वनस्पतींच्या जनुकसंचांची तुलना करून प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की मुळांवर गाठी धरणाऱ्या साऱ्या वनस्पती एकाच मोठ्या गटातील आहेत आणि त्या गटातील अनेक शाखांनी ही क्षमता नंतर गमावली.

जमिनीवरील परिणामाचा एक जुना पुरावा अलास्कातील ग्लेशियर बे येथील आहे. तेथे हिमनदी मागे सरकून उघड्या पडलेल्या खडकाळ जमिनीवर १९१६ पासून ठरावीक तुकड्यांची नोंद ठेवली जात आली आहे. ऑल्डरची झुडपे माजली की त्यांच्याखाली नत्राचा साठा झपाट्याने वाढतो आणि त्यावर पुढे स्प्रूस या सूचिपर्णी वृक्षाचे जंगल उभे राहते. आपला साग पान गाळण्याआधी त्यातील नत्राचा मोठा भाग परत ओढून घेतो. ऑल्डर मात्र तशी फारशी काटकसर करत नाही, त्यामुळे त्याची पाने बहुधा हिरवीच गळतात आणि जमिनीला भरपूर नत्र देतात. परंतु हे सारे थंड, ओलसर प्रदेशातले आहे. उतीस हिमालयाच्या ओल्या उतारांवर, दरडी कोसळलेल्या जागी उगवतो. पंचेचाळीस अंशांच्या उन्हात मुरमावर त्याला कोणी कितीही पाणी दिले तरी मी त्याची खात्री देणार नाही.

उत्तर : गृहिणी, आर्वी

सरांनी सांगितले ते झाड मी जवळून पाहिले आहे. माझे यजमान सैन्यात असताना आम्ही काही काळ कोहिम्याला होतो. तेथून वीसेक किलोमीटरवर असलेल्या खोनोमा गावात अंगामी नागा शेतकरी ही झाडे शेतातच राखतात. ते झाड मुळापासून तोडत नाहीत, खोड साधारण माणसाच्या उंचीवर छाटतात. वर्षानुवर्षे छाटून खोडाचा माथा सुजलेल्या मुठीसारखा गाठाळ झालेला असतो आणि त्यातून पुन्हा फोक फुटतात. छाटलेल्या फांद्यांपैकी जाडजूड सरपणाला जातात, बारीक फांद्या व पाने शेतात पसरून जाळतात, आणि मग त्याच झाडांच्या मधल्या जागेत पीक घेतात. सिक्कीममध्ये मोठी वेलची याच झाडाच्या सावलीत पिकवतात. तेथील अभ्यासात झाडे सुमारे पंधरा वर्षांची असताना नत्र धरण्याचे काम सर्वाधिक आणि पुढे कमी होत गेलेले आढळले, असे वाचल्याचे आठवते. दादा, घेण्यासारखी आहे ती ही छाटणीची रीत. तिच्यासाठी नागालँडचेच झाड लागत नाही.

उत्तर : प्राध्यापक, अमरावती

ताईंचे म्हणणे मला पूर्ण पटते. बाभूळ, हिवर आणि करंज ही तिन्ही झाडे आपल्या धुऱ्यांवर आपोआप येतात, रायझोबियमच्या गाठी धरतात आणि उन्हाळा सोसतात. फ्रँकियाचेच झाड हवे असेल तर सुरू (कॅज्युरिना) हे भारतभर लावले जाणारे उदाहरण आहे, मात्र बरडासाठी मी आधी हिवर निवडीन. पावसाळ्यात जमीन ओली असताना एखादे लहान रोप मातीच्या ढेकळासकट काढून गाठी पाहाव्यात. गाठ कापल्यावर आत तांबूस दिसली तर ती काम करते आहे, हिरवट किंवा तपकिरी दिसली तर तिचे काम संपले आहे.

शेतकरी, दारव्हा तालुका

सर, ताई, मनापासून आभार. काल सकाळी पाऊस थांबल्यावर धुऱ्यावरचे वीतभर उंचीचे बाभळीचे रोप खुरप्याने ढेकळासकट काढले आणि बादलीतल्या पाण्यात हलकेच धुतले. बारीक मुळांवर ज्वारीच्या दाण्यापेक्षा लहान नऊ गाठी मिळाल्या. ब्लेडने कापल्यावर सात आतून तांबूस होत्या, दोन तपकिरी. विक्रेत्याला नकार कळवला आहे. बरडावर हिवराची बारा-पंधरा रोपे आधीच उभी आहेत, ती आजवर मी दर वर्षी नांगरटीच्या आधी तोडत होतो. ती राखायची झाल्यास पहिली छाटणी कितव्या वर्षी करावी, आणि ती पावसाळ्याच्या तोंडावर करावी की कापूस निघाल्यावर, एवढे सांगावे.