चूक कोणाची आणि उत्तर कोणी द्यायचे? – कामाच्या ठिकाणचे अनुभव

गेल्या महिन्यात आमच्या कार्यालयात एका निविदेची मुदत एका दिवसाने हुकली. बैठकीत विभागप्रमुखांनी ‘ही चूक कोणाची?’ एवढेच विचारले आणि पंधरा मिनिटांत ती चूक त्या दिवशी रजेवर असलेल्या, सर्वांत कनिष्ठ मुलीच्या नावावर जमा झाली. तिला तारीख कोणी कळवली होती का, हे विचारण्याचे धाडस मलाही झाले नाही. वरिष्ठांनी एखादी चूक कशी हाताळली आणि त्यानंतर तुमच्या कामात काय बदलले, हे प्रत्यक्ष प्रसंगासह लिहावे. संस्थांची व व्यक्तींची नावे मात्र टाळावीत.

निवृत्त बँक कर्मचारी

मी रोखपाल असताना एका संध्याकाळी रोकड 5,000 रुपयांनी कमी भरली. अशी तूट रोखपालाने स्वतःच्या खिशातून भरायची, ही तेव्हाची सर्वमान्य रीत होती, त्यामुळे मी पगारातून उचल मागण्याच्या तयारीत होतो. व्यवस्थापक मात्र रात्री नऊपर्यंत माझ्याबरोबर थांबले, दिवसभराच्या पावत्या एकेक करून तपासल्या आणि पन्नासच्या शंभर नोटांचे एक पाकीट एका व्यापाऱ्याला जास्त गेले असावे, असा अंदाज त्यांनी बांधला. सकाळी ते स्वतः माझ्याबरोबर त्या दुकानी आले. पाकीट गल्ल्यात तसेच होते. प्रकरण तिथेच मिटेल, असे मला वाटले होते. पण शाखेत परतल्यावर त्यांनी ‘पाकीट न मोजता दिले’ असे माझ्याकडून लेखी घेतले आणि त्याच कागदाखाली, त्या महिन्यात रोकडीची आकस्मिक तपासणी आपणही केलेली नव्हती, असे स्वतःच्या हाताने लिहून सही केली. त्या दुसऱ्या सहीमुळे मला पहिली जाचली नाही. पुढे अधिकारी झाल्यावर तिजोरीची दुसरी किल्ली माझ्याकडे आली, तेव्हा मोजल्याशिवाय मी कधी सही केली नाही.

वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यातील पर्यवेक्षक

आमचा अनुभव नेमका उलटा आहे. प्रेस शॉपमधील एका ऑपरेटरने ‘गेज (माप तपासण्याचे साधन) शंकास्पद वाटते’ अशी नोंद रात्रपाळीच्या रजिस्टरमध्ये केली होती. सकाळच्या पाळीने ती वाचली नाही, माल गेला आणि ग्राहकाकडून पूर्ण लॉट परत आला. चौकशीत ती नोंदच त्याच्याविरुद्ध वापरली गेली: दोष ठाऊक असताना मशीन बंद का केले नाही? वास्तविक उत्पादनाचे लक्ष्य गाठेपर्यंत मशीन थांबवायचे नाही, असा तोंडी हुकूम होता आणि तोंडी हुकमाला सही नसते. मेमो त्याला मिळाला. त्यानंतर वर्षभर त्या रजिस्टरमध्ये प्रत्येक पाळीला ‘सर्व ठीक’ एवढेच लिहिलेले आढळे. मीही तेच लिहीत असे.

प्रशिक्षक

या विषयावर इस्रोचे तत्कालीन अध्यक्ष सतीश धवन यांचा दाखला हमखास दिला जातो. मीही तो अनेकदा उगाळला आहे. 10 ऑगस्ट 1979 रोजी एसएलव्ही-3 या उपग्रह प्रक्षेपक अग्निबाणाचे पहिले उड्डाण फसले, तेव्हा पत्रकारांसमोर धवन स्वतः गेले. 18 जुलै 1980 रोजी यश आले, तेव्हा त्यांनी प्रकल्पप्रमुख अब्दुल कलामांना पुढे केले. श्रोत्यांना हा भाग फार आवडतो. मधल्या भागाबद्दल मात्र कोणी विचारत नाही: अपयशानंतर उड्डाणाची बारकाईने चिकित्सा झाली आणि दुसऱ्या टप्प्याच्या नियंत्रण प्रणालीतील नायट्रिक आम्लाच्या गळतीपर्यंत कारण शोधत नेले गेले. पाठराखण म्हणजे चौकशीला सुट्टी, असा अर्थ काढणारे व्यवस्थापक मला बरेच भेटले आहेत.

महसूल खात्यातील कर्मचारी

आमच्याकडे जबाबदारी कायद्यातच लिहिलेली आहे. 2005 च्या राज्य कायद्यानुसार नस्ती (फाईल) एका कर्मचाऱ्याकडे सर्वसाधारणपणे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये. 2015 च्या लोकसेवा हक्क अधिनियमानुसार कसूर करणाऱ्या पदनिर्देशित (ती सेवा देण्यासाठी नेमलेल्या) अधिकाऱ्याला 500 ते 5,000 रुपये शास्ती होऊ शकते. म्हणून काही टेबलांवर सहाव्या दिवशी एखादी क्षुल्लक त्रुटी काढून नस्ती परत पाठवण्याची कला विकसित झाली. आमच्या एका साहेबांनी ती एका साध्या उपायाने मोडली. दर सोमवारी ते लिपिकाच्या शेजारी खुर्ची घेऊन बसत आणि परत पाठवलेल्या नस्त्या आधी पाहत. त्यांची बदली झाली आणि खुर्ची परत त्यांच्या दालनात गेली.

धागाकर्ती (ही चर्चा सुरू करणारी)

बँकेतला प्रसंग वाचून मी निविदेचा पत्रव्यवहार पुन्हा काढला. मुदतीचे पत्र त्या मुलीकडे गेलेच नव्हते. आवक नोंदवहीत त्यापुढे माझी सही आहे. सोमवारी विभागप्रमुखांना तसे लेखी देणार आहे.