सोसायटी ग्रुप: समला जायचं की सुदासरीला?

मानसी (बी-५०३): नाताळच्या सुट्टीत आम्ही चार घरं मिळून जैसलमेरला जायचं ठरवतोय. एजंटने पॅकेज पाठवलंय. जैसलमेरजवळच्या वाळूच्या टेकड्यांपाशी सम गावी दोन रात्री तंबूत, उंट, जीप, कालबेलिया नाच, रात्री डीजे. खाली एका ओळीत 'डेझर्ट नॅशनल पार्क साइटसीइंग' असंही लिहिलंय. तिथे कुणी गेलंय का? मुलांना दाखवण्यासारखं काही आहे, की नुसती वाळूच?

परब काकू (ए-१०४): आम्ही गेलो होतो गं समला. उंट उठताना आधी मागून उठतो हे कुणी सांगितलंच नव्हतं. दोन दिवस कंबर धरून बसले. बाकी मस्त.

नीलेश (बी-५०२): डीजे आहे ना? मग माझं फायनल 😀

गोखले काका (ए-३०१): मानसी, एजंटला एकच प्रश्न विचार, सुदासरी धरलंय का? त्याने "ते काय असतं?" म्हटलं तर समजायचं की सम त्या उद्यानाला लागून आहे, म्हणून तिथली वाळू दाखवून पार्क 'उरकणार'.

मानसी (बी-५०३): काका, सुदासरी म्हणजे?

गोखले काका (ए-३०१): जरा लांबलचक लिहितोय, सावकाश वाच.
मरु राष्ट्रीय उद्यान, म्हणजे तुझं डेझर्ट नॅशनल पार्क, ३,१६२ चौरस किलोमीटर आहे, जैसलमेर आणि बाडमेर दोन्ही जिल्ह्यांत पसरलेलं. आपलं शहर आणि उपनगर धरून पाच मुंबई मावतील. १९८० मध्ये जाहीर झालं. नाव राष्ट्रीय उद्यान असलं तरी कायद्याने ते अभयारण्य आहे, आत गावं आहेत, गुरं चरतात, शाळा भरतात. त्यामुळे ताडोबासारखं गेट, नंबर लावलेल्या जिप्सी असलं काही डोक्यात ठेवून जाऊ नका. सुदासरी हा आतला कुंपण घातलेला भाग. जैसलमेरपासून साठेक किलोमीटर. गुरं बाहेर ठेवल्यामुळे तिथे गवत वाढलंय आणि जे बघायचं ते त्या गवतात आहे.
सगळ्यांना वाटतं वाळवंट म्हणजे वाळूच्या टेकड्या. या उद्यानात तशा टेकड्या निम्म्याहूनही कमी. बाकी सगळं खडकाळ माळ, मुरूम आणि सेवण नावाचं गवत. वर्षाला जेमतेम दीडशे मिलिमीटर पाऊस पडतो, तेवढ्यावर हे गवत वर्षानुवर्षं तगतं. त्याच्या मुळांनी वाळू धरून ठेवली म्हणून गुरं जगतात आणि चिंकारा हरणं, माळढोक पक्षीही जगतात.

परब काकू (ए-१०४): गवत बघायला एवढ्या लांब? आमच्या कोकणात ये म्हणावं, फुकट आहे.

गोखले काका (ए-३०१): परब वहिनी, कोकणातल्या गवतात माळढोक दाखवा, मी आजच निघतो.

माने काका (सी-४०४): माळढोकाचा विषय निघाला म्हणून लिहितो. मी सोलापूरचा. नान्नज आमच्यापासून वीसेक किलोमीटर. लहानपणी ज्वारी-करडईच्या रानात नाकतोडे टिपत फिरताना बघितलाय हा पक्षी. कुणाला त्याचं अप्रूप नव्हतं. मीटरभर उंच, नर पंधरा किलोपर्यंत भरतो, उडायला लागला की आधी धावपट्टी लागते त्याला. १९७९ मध्ये तिथे माळढोकाचं अभयारण्य झालं ते ८,४९६ चौरस किलोमीटरचं. नगर जिल्ह्यातलेही तालुके घेतले त्यात. आता सांगा, एवढ्या मोठ्या पट्ट्यात गावं, बाजारपेठा, शेती सगळं आलं. जमिनीचे व्यवहार अडकले. शेतकरी पक्ष्यावर चिडला. पक्ष्याने कुणाचं काय घोडं मारलं होतं? नंतर क्षेत्र कमी करून १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं, पण तोवर माळावर ऊस आला, द्राक्षं आली. आता सोलापुरात माळढोक दिसला तर पेपरात बातमी येते.

मानसी (बी-५०३): बापरे. आणि राजस्थानात किती उरलेत?

गोखले काका (ए-३०१): सगळ्या देशात मिळून मोकळ्या रानात दीडशेच्या आसपास, त्यातले बहुतेक जैसलमेर जिल्ह्यात. थोडे पोखरणच्या लष्करी फायरिंग रेंजमध्ये. तिथे माणूस जात नाही, म्हणून पक्षी आहे. तिकडे त्याला गोडावण म्हणतात, राजस्थानचा राज्यपक्षी आहे. आणि वर्षाला अंडं साधारण एकच. तेही उघड्या जमिनीवर, घरटं वगैरे काही नाही. कुत्रं, कोल्हा, घोरपड, कावळा कुणीही उचलावं.

रोहन (बी-१०२): काका, पण मोठं कारण विजेच्या तारा आहेत ना? आमच्या ऑफिसात यावर दोन वर्षं डोकं फुटतंय.

गोखले काका (ए-३०१): हो. माळढोकाचे डोळे डोक्याच्या बाजूला असतात. आजूबाजूचं छान दिसतं, समोरचं फार अरुंद पट्ट्यात. त्यात अंग जड. तार दिसेपर्यंत वळायला वेळ नसतो. ते विजेच्या धक्क्यानेच मेले पाहिजेत असंही नाही, नुसत्या धडकेनेही जातात.

माने काका (सी-४०४): मग घाला की तारा जमिनीखाली. त्यात काय कठीण आहे?

रोहन (बी-१०२): काका, मी ट्रान्समिशनमध्येच काम करतो म्हणून सांगतो. वन्यजीवतज्ज्ञ एम. के. रणजितसिंह यांच्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने एप्रिल २०२१ मध्ये हेच सांगितलं होतं. जवळपास ९९,००० चौरस किलोमीटरवर वरून तारा न्यायला बंदी. गावातली ११ किंवा ३३ केव्हीची लाइन खाली घालता येते, खर्च वाढतो पण जमतं. ४०० केव्हीची एसी केबल लांबवर जमिनीखालून नेली की नुसता चार्जिंग करंटच (केबल भारित ठेवायलाच लागणारा प्रवाह) एवढा होतो की मध्ये मध्ये भरपाईची यंत्रणा बसवावी लागते. आणि एखादा जोड गेला तर वाळू उकरत शोधत बसा. त्यात देशातले मोठे सोलर आणि विंड प्रकल्प नेमके त्याच पट्ट्यात, कारण ऊन आणि मोकळी जागा दोन्ही तिथेच. म्हणून मार्च २०२४ मध्ये कोर्टाने आदेश बदलला, सरसकट बंदी काढली, तज्ज्ञांची समिती नेमली आणि राजस्थानातल्या १३,१६३ आणि गुजरातमधल्या ५०० चौरस किलोमीटरच्या प्राधान्य क्षेत्राचा विचार तिच्याकडे दिला.

माने काका (सी-४०४): म्हणजे आमच्याकडे क्षेत्र आधी मोठं आणि मग लहान, तिकडेही आधी मोठं आणि मग लहान. पक्षी मात्र दोन्हीकडे लहानच होत गेला.

रोहन (बी-१०२): काका, कोळसा जाळत राहिलो तर तेही पक्ष्यांना बाधतंच ना. मी सोलरची बाजू घेणारच. पण पक्ष्यांना तार दिसावी म्हणून तिच्यावर फिरती चकती लावायची म्हटली तरी "बघू, पुढच्या तिमाहीत" होतं, त्याचं समर्थन मी करणार नाही. ती काही रॉकेट सायन्स नाही.

शेख वहिनी (सी-२०२): चर्चा छान आहे, पण मानसीच्या मुलांना काय दिसणार ते कुणी सांगेल का? माझाही धाकटा मागे लागलाय. त्याने यूट्यूबवर माळढोकाची पिल्लं बघितली आहेत. ती बघता येतात का?

गोखले काका (ए-३०१): पिल्लं नाही बघता येणार. सम आणि रामदेवरा इथे प्रजनन केंद्रं आहेत. राजस्थान वनविभाग आणि देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था मिळून चालवतात. २०१९ मध्ये रानातली अंडी गोळा करून सुरुवात झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातून पहिलं पिल्लू झालं, नर रामदेवऱ्याचा, मादी समची. आता केंद्रातली संख्या साठच्या वर गेलीय. पण पर्यटकांना आत सोडत नाहीत आणि सोडूही नये. एवढ्यातेवढ्याने बिथरणारी जात आहे.
धाकट्याला आधीच सांगून ठेव, रानातला माळढोकही दिसेलच असं नाही. दिसला तर लांबून. फिकट मान गवतातून वर, डोक्यावर काळी टोपी. फोनमध्ये तो ठिपकाच येतो, म्हणून दुर्बीण हवीच. बाकी चिंकारा नक्की, कळपच्या कळप. पांढऱ्या शेपटीच्या टोकाचा वाळवंटी कोल्हा सकाळी बिळाबाहेर ऊन खात बसलेला दिसतो. आणि हिवाळ्यात गिधाडांची तर मेजवानी. आपल्याकडे एक दिसलं की फोन करतो आपण एकमेकांना. तिथे मेलेल्या गाईवर ग्रिफन, काळं गिधाड, राज गिधाड, पांढरं गिधाड, शेजारी स्टेप गरुड, सगळे एका पंगतीला.

परब काकू (ए-१०४): जेवायच्या वेळेला काय ते 🙏

नीलेश (बी-५०२): आणि साप? बायको विचारतेय. म्हणजे मीच विचारतोय.

गोखले काका (ए-३०१): डिसेंबरच्या थंडीत फारसे नाहीत. बिळात असतात. सांडाही नाही दिसणार, तो काटेरी शेपटीचा सरडा, हिवाळाभर झोपतो. त्याला बघायचं तर मार्चमध्ये जा, पण तेव्हा तुम्हालाच बिळात जावंसं वाटेल.

शेख वहिनी (सी-२०२): थंडी खरंच एवढी असते? तंबूत मुलं आहेत.

माने काका (सी-४०४): दिवसा पंचवीस, पहाटे सात-आठ. उघड्या जीपमध्ये वारा लागला की त्याहून कमी वाटतं. कानटोपी, हातमोजे घ्या. दहा वाजता सगळं काढून मांडीवर घेऊन बसाल.

परब काकू (ए-१०४): खायला केर-सांगरी मागवा हं, हॉटेलात पनीर खात बसू नका. सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा. खेजडी म्हणजे आपली दसऱ्याची शमीच की. आमच्या जीपवाल्याने झाड दाखवून सांगितलं होतं, मला तेव्हा फार बरं वाटलं.

गोखले काका (ए-३०१): वहिनी, हे भारी सांगितलंत. याच खेजडीसाठी १७३० मध्ये जोधपूरजवळ खेजडलीला अमृतादेवी आणि ३६२ बिश्नोई माणसं झाडांना मिठी मारून मेली. वाटेत जोधपूरला उतरत असाल तर मुलांना ते गाव दाखवता येईल.

मानसी (बी-५०३): सूर्यनगरीने वांद्र्याहून जोधपूर आणि पुढे गाडी असंच आहे. थेट जैसलमेरची गाडी आठवड्यातून एकदाच, ती तारीख जुळत नाही.

गोखले काका (ए-३०१): उत्तम, मग फलोदीवरून जा आणि खीचनला थांबा. कांड्या करकोचे, तिकडची कुरजां. मध्य आशिया, मंगोलियाहून हिमालय ओलांडून हजारोंनी येतात. गावकरी सकाळी दाणे टाकतात, त्या वेळी पोचलात तर आवाजाने आपलं बोलणं आपल्यालाच ऐकू येत नाही. २०२५ मध्ये ते रामसर स्थळ झालं. नीलेश, डीजे हवा होता ना तुला, हा घे.

नीलेश (बी-५०२): 😂 काका, पण त्या डीजेवर नाचता येत नाही. माझं मत सांगू? सुट्टी आहे. सगळ्यांनाच पहाटे पाचला उठून गवत बघायचं नसतं. समच्या वाळूवर सूर्यास्त बघितला, दोन गाणी लावली, तर काय बिघडलं?

गोखले काका (ए-३०१): काही नाही बिघडलं. माझी तक्रार सूर्यास्ताबद्दल नाही. रात्री अकरापर्यंत स्पीकर आणि वाळू तुडवत जीप, हे उद्यानाच्या कडेलाच चाललेलं असतं, एवढंच.

मानसी (बी-५०३): मी असं करते. समची एकच रात्र ठेवते, दुसरी जैसलमेर गावात. पहाटे सुदासरीला ज्यांना यायचं ते येतील. परवाना कुठून?

गोखले काका (ए-३०१): जैसलमेरला वनविभागाचं डेझर्ट नॅशनल पार्कचं ऑफिस आहे, तिथून. आदल्या दिवशी कुणीतरी ओळखपत्रं घेऊन जा. वाटाड्या स्थानिक घ्या, आतल्या गावातलीच मुलं असतात, नजर तयार असते. जीप रस्ता सोडून गवतात घालायला सांगू नका, तो "जवळ नेतो साहेब" म्हणाला तरी. ड्रोन घरी ठेवा. अभयारण्य आणि सीमा दोन्ही आहे.

रोहन (बी-१०२): तनोट आणि लोंगेवाला जोडणार असाल तर त्याला दिवस वेगळा ठेवा, सव्वाशे किलोमीटर आहे. सीमेकडे कुठपर्यंत सोडतात ते तिथे पोचल्यावर विचारून घ्या, नियम बदलत असतात.

माने काका (सी-४०४): समच्या वाटेवर कुलधरा लागेल, पालीवाल ब्राह्मणांचं ओस पडलेलं गाव. लोक भुतांच्या गोष्टी ऐकत फिरतात तिथे. त्यापेक्षा वाटाड्याला 'खडीन' दाखव म्हणा. त्याच पालीवालांची पद्धत. उतारावरून येणारं पावसाचं पाणी लांब बांध घालून अडवायचं, ते मुरलं की त्या ओलीवर गहू-हरभरा घ्यायचा. दीडशे मिलिमीटर पावसात गहू! आम्ही पाचशेत टँकर मागवतो.

सेक्रेटरी: टँकरचा विषय निघालाच आहे तर, उद्या सकाळी ९ ते १ पाणी बंद. नोटीस बोर्डवर लावलं आहे. सहलीची चर्चा वेगळ्या ग्रुपवर न्यावी ही विनंती.

शेख वहिनी (सी-२०२): सर, दोन मिनिटं. मानसी, मुलांना आकलचं जीवाश्म उद्यान पण दाखवू, बाडमेर रस्त्यावर सतरा किलोमीटर. १८ कोटी वर्षांपूर्वीच्या झाडांचे दगड झालेले ओंडके आहेत. म्हणजे तिथे तेव्हा जंगल होतं. माझ्या शाळेतल्या सहावीच्या मुलांना हे सांगितलं की कुणाचा विश्वासच बसत नाही.

मानसी (बी-५०३): घेतलं यादीत. एजंटचं उत्तर आलं. "मॅडम, सुदासरी पॅकेज में नहीं है, और वहाँ कुछ है भी नहीं." ठीक आहे, जीप आमची आम्ही करतो. गोखले काका, दुर्बीण मिळेल का?

गोखले काका (ए-३०१): एक देतो. जुनी आहे पण चांगली. पट्टा गळ्यात अडकवल्याशिवाय कुणाच्या हातात देऊ नकोस. नीलेशच्या तर नाहीच.

नीलेश (बी-५०२): काका, मी पाचला उठणारच नाहीये.