रोल प्लेमध्ये मुलं एक तर हसतात, नाही तर खरीच रडतात. मदत हवी आहे

वैद्यकीयच्या मुलांना 'रुग्णाला वाईट बातमी कशी सांगायची' हे रोल प्लेने शिकवतेय. स्पाइक्सच्या (वाईट बातमी टप्प्याटप्प्याने सांगायची पद्धत) सहाही पायऱ्या त्यांना तोंडपाठ आहेत, पण खुर्चीत बसलं की सगळं बिनसतं. परवा डॉक्टर झालेल्या मुलाने तोंडी परीक्षा घ्यावी तसं विचारलं, "आजाराबद्दल काय माहीत आहे?" रुग्ण झालेला त्याचा मित्र म्हणाला, "कॅन्सर असेल बहुतेक. उपचार सांगा." दोन मिनिटांत खेळ खलास, मागे खसखस. (रुग्णानेच कॅन्सरचं नाव काढून डॉक्टरची सुटका केली, हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.)

त्याआधीच्या गटात उलटंच. रुग्णाची भूमिका करणारी मुलगी खरोखर रडू लागली. तिच्या घरात नुकतंच तसं घडलं होतं, मला कल्पना नव्हती. मी तास तिथेच थांबवला. अजून मनाला लागून राहिलंय.

फीडबॅकही कोरडा. पेंडल्टनच्या पद्धतीने आधी करणाऱ्याने स्वतःला काय जमलं ते सांगायचं, मग इतरांनी. आमच्याकडे "छान केलंस"वर गाडी अडते.

डॉ. हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३ साली सुरू केले तसे, रुग्णाची भूमिका करायला शिकवून तयार केलेले लोक मिळाले तर प्रश्नच नव्हता, पण मला ते शक्य नाही. भूमिकेचं कार्ड कसं लिहावं? आणि कुणाला रडू आलं तर काय करायचं?

प्रतिसाद :
सगळ्यांसमोर करू नका. तीनतीनचे गट पाडा, डॉक्टर, रुग्ण, निरीक्षक, आणि सगळे एकदम सुरू. प्रेक्षकच नसले की खसखस कोण करणार? कार्डावर वय-आजार थोडक्यात, वागणं मात्र नीट लिहा. माझ्या एका कार्डावर आहे : "बायोप्सी हा शब्द आला की पुढचं ऐकू येत नाही. डॉक्टर गप्प राहून वाट बघेल तरच बोला." निरीक्षकाने मत द्यायचं नाही, डॉक्टरची वाक्यं जशीच्या तशी टिपायची. "काळजी करू नका" तीनदा आलेलं कागदावर दिसलं की "छान" म्हणायला जीभ रेटत नाही.

विषय आदल्या दिवशी सांगा. ज्याला नको असेल त्याने कारण न देता निरीक्षक व्हावं. संपल्यावर भूमिकेतून बाहेर यायला खुर्ची सोडून आधी स्वतःचं नाव सांगायचं, मग चर्चा. तास थांबवलात ते बरोबरच. नंतर तिच्याशी बोललात का?

धागाकर्ती :
नाही. उद्या बोलते. पण आठ गट एकदम सुरू असताना मी बघू कुठे?

प्रतिसाद :
फिरत राहा. कुणीही "थांबा" म्हणालं की तिकडे जायचं, आणि अडलेल्या वाक्याच्या जरा मागून पुन्हा सुरू करायचं.