४४ व्या वर्षी कॉलेजात जाऊन रशियन शिकायचं म्हणते, जमेल का?

सिंदीची_वाचक

नमस्कार मंडळी. सिंदी रेल्वेपासून थोडं आत आमचं गाव. घरी कपाशी-सोयाबीन आणि गावात एक छोटं कृषी केंद्र आहे, त्याचा हिशोब मी पाहते. २००२ साली वर्ध्याहून बी.ए. केलं, मराठी वाङ्मय घेऊन. मुलगा यंदा बारावीत आहे, त्याच्यामागे धावायचे दिवस संपत आले.

मला रशियन शिकायची आहे. बाबांकडे सोव्हिएत काळात मराठीत आलेली पुष्कळ पुस्तकं होती, जाड गुळगुळीत कागदाची. तीच वाचत मोठी झाले. आणि सेवाग्राम आमच्यापासून तासाभरावर. टॉल्स्टॉयनं मरायच्या दोन महिने आधी, सप्टेंबर १९१० मध्ये, गांधीजींना जे लांब पत्र लिहिलं ते मूळ रशियनमध्ये होतं हे वाचल्यापासून डोक्यात किडा शिरला आहे की ते एकदा मुळातून वाचायचं. एवढंच कारण. नोकरी-बिकरी नाही.

नागपूरला एका कॉलेजात संध्याकाळचा सर्टिफिकेटचा वर्ग आहे, आठवड्यातून तीन दिवस. चौकशीला गेले तर खिडकीतल्या माणसानं विचारलं, "मुलीची ॲडमिशन का?" माझीच म्हटलं तर त्यानं फॉर्म न देता 'उद्या या' म्हणून सांगितलं. सिंदीहून उद्या या!

रेल्वेचं मी जमवीन, मासिक पास काढला की भाड्याचं ओझं नाही. खरी भीती इंग्रजीची. पुस्तक म्हणे रशियन-इंग्रजी आहे आणि माझं इंग्रजी औषधाच्या डब्यावरचं वाचण्यापुरतं. वर्गातली पोरं एकोणीस-वीस वर्षांची. शिवाय हे सर्टिफिकेट करावं की सरळ बी.ए. रशियन कुठं मिळतं ते पाहावं? घरचे अडवत नाहीत. जाऊबाई मात्र जेवता जेवता म्हणाल्या, "आता रशियाले जाऊन राहिली का काय?"

उमरेडचा_मास्तर

ताई, मी उमरेडकडचा. जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवत होतो, आता रिटायर आहे. पन्नाशीला टेकलो तेव्हा नागपूरच्या संध्याकाळच्या वर्गात बसलो, सर्टिफिकेट केलं, मग डिप्लोमा. म्हणून लिहितो, जरा लांबेल.

कागदाचं आधी आटपू. वर्धा जिल्हा नागपूर विद्यापीठातच येतो. वर्ग त्याच विद्यापीठाचा असेल तर मायग्रेशनची भानगड नाही, ती अमरावतीकडच्यांना असते. मार्कशीट, डिग्री, टीसी आणि मधल्या वर्षांचं प्रतिज्ञापत्र, ते तहसीलीच्या सेतूत होऊन जाते. सर्टिफिकेटला बारावी पास पाहतात, वय कोणी विचारत नाही. खिडकीवरच्या माणसाशी बोलत बसू नका, थेट शिकवणाऱ्या बाईंना किंवा सरांना गाठा. रशियनच्या वर्गाला विद्यार्थी मिळता मिळत नाहीत, ते तुम्हाला हातचं जाऊ देणार नाहीत.

बी.ए. रशियन दिल्लीला जेएनयूत आहे, हैदराबादच्या इफ्लूत, म्हणजे इंग्रजी आणि परदेशी भाषांच्या विद्यापीठात, रशियन आहे, मुंबई विद्यापीठात विभाग आहे, पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये पार्टटाइम कोर्स चालतात. पण पऱ्हाटी आणि दुकान सोडून तुम्ही तिथं जाणार आहात का? नाही. मग सर्टिफिकेटच. नागपूरचं जुळलंच नाही तर इग्नूचंही रशियनचं सर्टिफिकेट आहे आणि त्यांचं प्रादेशिक केंद्र नागपुरात आहे, या सत्राला चालू आहे का तेवढं विचारून घ्या. मात्र माझं मत विचाराल तर पहिलं वर्ष वर्गात बसूनच करा. घरी बसून ही भाषा डोळ्यांत शिरते, तोंडात येत नाही.

आता इंग्रजीची भीती. ही काढून टाका. खरं सांगू का, वर्गात इंग्रजी फाडफाड बोलणारी पोरं अडत होती तिथं मी चालत होतो, ते केवळ मराठीच्या जोरावर. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची भाषाशाळा रशियनला ११०० तास धरते, पण ती मोजणी इंग्रजीवाल्यांची. त्यांना ज्या गोष्टी उलगडून सांगाव्या लागतात त्या आपण जन्मापासून करून राहिलो.

पाहा न. 'हे माझं घर' यात क्रियापद कुठं आहे? रशियनमध्येही नाही, 'एता मोय दोम'. त्यांची तीन लिंगं, आपलीही तीन: मोठा, मोठी, मोठं, तिकडे बल्शोय, बल्शाया, बल्शोये. भूतकाळात आपण 'तो वाचत होता, ती वाचत होती' म्हणतो, तिकडेही बाईमाणसाचं क्रियापद बदलते, चिताल आणि चिताला. 'मला थंडी वाजते' हे इंग्रजीत 'मी थंड आहे' असं होऊन बसते. रशियनमध्ये सरळ 'मला', चतुर्थी, 'म्न्ये खोलदना'. तू आणि तुम्ही आहेच. 'मी घर पाहिलं' पण 'मी मुलाला पाहिलं', सजीव आला की आपण 'ला' लावतो. त्यांच्याकडेही पुल्लिंगी सजीव नाम कर्म झालं की रूप बदलते आणि निर्जीव तसंच राहते. हा नियम समजायला आमच्या वर्गातल्या पोट्ट्यांना आठवडा लागला. 'ती आपल्या भावाशी बोलली' यातला 'आपला' इंग्रजीत नाहीच, तिथं 'तिच्या' म्हणजे नेमका कोणाचा भाऊ हा घोळ राहतो. रशियनमध्ये त्यासाठी 'स्वोय' तयार आहे.

आणि सगळ्यात अवघड मानतात ते क्रियापदांच्या जोड्यांचं प्रकरण. चिताल म्हणजे वाचत होता, प्राचिताल म्हणजे वाचून काढलं. आपण वाचून काढतो, खाऊन टाकतो, करून घेतो, हे रोजचंच. जोडी दिसली की मनातल्या मनात मराठीत म्हणून पाहायची, शंभरातल्या ऐंशी वेळा उत्तर तिथंच भेटते.

म्हणून वहीत उजव्या बाजूला इंग्रजी अर्थ लिहूच नका. मराठी लिहा. उच्चारही सुरुवातीला देवनागरीत, कारण 'न्य', 'त्य', 'ल्य' हे मऊ उच्चार आपल्याला जोडाक्षरात दाखवता येतात. त्यांचं 'त्से' अक्षर म्हणजे 'चमचा'तला च, आणि 'चे' म्हणजे 'चिंच'मधला पहिला च. महिनाभरानं देवनागरी बंद करा, नाहीतर ती कुबडी होऊन बसते.

सगळं सोपं आहे असं मात्र म्हणत नाही. विभक्त्या सहाच, पण प्रत्येकीचे प्रत्यय लिंग-वचनानुसार वेगळे. आकड्यांनी मला रडवलं: दोन-तीन-चारला नामाचं एक रूप, पाचापासून दुसरं, आणि एकवीस आलं की पुन्हा एकवचन. 'मी नागपूरला जातो' म्हणायचं तर पायी की गाडीनं, आत्ता निघालो की रोज जातो, हे सगळं क्रियापदातच ठरवावं लागते. आघात, म्हणजे शब्दात जोर कुठं द्यायचा ते, छापत नाहीत. दूध लिहिताना मोलोको, म्हणताना मलाको. आणि त्यांचं हाताचं अक्षर! छापील ३३ अक्षरं येतील आठवड्यात, पण हातानं लिहिताना त्यांचा 'त' इंग्रजी एमसारखा दिसतो आणि 'द' जीसारखा. फळ्यावरचं वाचता येईना म्हणून दोघं-तिघं वर्ग सोडून गेले. ते अक्षर पहिल्या दिवसापासून गिरवा.

राहिलं टॉल्स्टॉयचं पत्र. रशियाच्या सरकारी भाषा-परीक्षेच्या पायऱ्यांचा हिशोब असा आहे: पहिली पायरी ए-१ ला ७८० शब्द, ए-२ ला १३००, बी-१ ला २३००. सर्टिफिकेटनंतर तुम्ही पहिल्या पायरीवर असाल आणि त्या पत्रातलं एक एक वाक्य अर्धा परिच्छेद आहे. तेव्हा पत्र तीन-चार वर्षांनी. तोवर त्याच टॉल्स्टॉयनं १८७२ मध्ये खेड्यातल्या पोरांसाठी काढलेली अंकलिपी आहे, ती धरा. जमीनदार माणूस, आपल्या गावात कास्तकारांच्या पोरांची शाळा चालवायचा. त्यातल्या गोष्टी चार-पाच ओळींच्या, वाक्यं तोडलेली, आणि गोठा, लांडगा, विहीर, म्हातारा असे आपल्या ओळखीचे शब्द. मी मास्तर असल्यानं असेल, पण मला तिथं जितकी मजा आली तितकी पाठ्यपुस्तकातल्या विमानतळावरच्या संवादात कधी आली नाही.

पांढरं_सोनं

ताई राग नका मानू, पण फायदा काय? इथं सोयाबीनले भाव नाही, आणि तुम्ही नागपूरले जाऊन रशियन शिकून राहिल्या. त्यापेक्षा टॅलीचा कोर्स करा, दुकानात कामी येईन.

उमरेडचा_मास्तर

भाऊ, त्यांनी नोकरीचं विचारलंच नाही. तरी ऐका, कुडनकुलमची अणुभट्टी रशियाच्या मदतीनं उभी राहिली, नाशिकजवळ ओझरला सुखोई जुळवतात, आपल्या शेजारचं भिलाई सोव्हिएत इंजिनिअरांच्या मदतीनं झालं. दुभाष्याचं काम आहे. पण ते काय माझी न् ताईंची वाट पाहत बसले नाहीत. ज्याला आवडते तो शिकते. तुम्ही शंकरपटाला, बैलांच्या शर्यतीला जाता, त्याचा फायदा कोणी विचारते का?

पांढरं_सोनं

पटाचं मधात नका आणू मास्तर 😀 बरं बावा, शिका.

धानोऱ्याचा_डॉक्टर

मी रशियातून एमबीबीएस करून आलो, सध्या गडचिरोली जिल्ह्यात सरकारी नोकरीत आहे. ताई, मास्तरांच्या सगळ्या बोलण्याला हो, फक्त एक जोडतो. आम्हाला सुरुवातीला इंग्रजीतून शिकवलं, म्हणून आम्ही रशियनच्या तासाला झोपा काढल्या. मग वॉर्डात पाठवलं. समोर ऐंशीची आजी, तिला इंग्रजीचं अक्षर येत नाही, आणि केसपेपर आपण भरायचा. 'ग्द्ये बलीत?', कुठं दुखते, एवढं विचारता यायचं, पण ती जे उत्तर द्यायची त्यातलं काही कळायचं नाही. दुखणं, खाणं, घर, पाऊस यावर बोलता आलं की भाषा आली समजा. तेव्हा रोज दहा मिनिटं मोठ्यानं बोला, गाडीत बोला, लोक पाहतात तर पाहू द्या.

अजून एक. तिकडे शिक्षकांना सर-मॅडम म्हणत नाहीत. नाव आणि वडिलांचं नाव मिळून हाक मारतात. टॉल्स्टॉय म्हणजे लेव्ह निकोलायेविच, निकोलायचा मुलगा. मधलं नाव बापाचं, हे आपल्या सातबाऱ्यासारखंच आहे, पण बाईचं लग्न झालं तरी ते बदलत नाही. नवऱ्याचं नाव तिथं येतच नाही. माझ्या आईला हे सांगितलं तर तिला रशिया एकदम आवडला.

सिंदीची_वाचक

मास्तर, डॉक्टरसाहेब, सगळ्यांचे आभार. आज पुन्हा नागपूरला जाऊन आले. खिडकीवर थांबलेच नाही, वर स्टाफरूममध्ये गेले. बाई भेटल्या, साठीच्या असतील, फॉर्म त्यांनीच दिला. इंग्रजी येत नाही म्हटलं तर म्हणाल्या, संस्कृत होतं का शाळेत? आठवी ते दहावी होतं. मग झालं, म्हणाल्या. वर्ग पोळ्यानंतर सुरू होतो. तान्ह्या पोळ्याला मी येणार नाही हे आधीच सांगून ठेवलं, सिंदीचा तान्हा पोळा सोडून कोण जाईल!

परतीच्या गाडीत डॉक्टरांचं ऐकून 'मलाको, मलाको' करत बसले होते. शेजारच्या बाईनं विचारलं, काही हरवलं का.

मास्तर, अक्षर गिरवायला वही कोणती घेऊ? आणि ती अंकलिपी कुठं मिळेल?

उमरेडचा_मास्तर

चार रेघी घ्या, पोरांची इंग्रजीची असते तीच. अंकलिपीतल्या गोष्टी रशियन साइटवर फुकट आहेत, पण त्यावर आघाताच्या खुणा नसतात. माझ्याकडे खुणा केलेल्या झेरॉक्स आहेत, वर्गाच्या पहिल्या दिवशी नागपूरला येऊन देतो, तसाही दवाखान्यात यायचंच आहे. पुढच्या बाकावर बसा, मागं पोट्टे मोबाईल पाहतात.